पीक मोजण्याची काच

(इचलकरंजी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भिंगाने प्रतिमा कशी उमटते, हा विषय आपण माझ्याकडे सोपवलात तेव्हा मी थोडा संकोचलो. मी कला शाखेचा पदवीधर; नोकरी माहिती खात्यातली. समोर विज्ञानाचे शिक्षक बसलेले असताना प्रकाशकिरणांवर बोलणे म्हणजे सुताराच्या घरी जाऊन रंधा कसा धरावा हे सांगण्यासारखे आहे. तरीही दोन कारणांनी मी होकार दिला. एक कारण अगदी वैयक्तिक आहे. मला नुकतीच चाळिशी लागली. आपली मराठी भाषा मोठी मार्मिक. वयाचे नाव आणि त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्याचे नाव तिने एकच ठेवले. नाकावरची ही काच नेमके काय करते, हे समजून घ्यावे असे मला तेव्हापासून वाटू लागले.

दुसरे कारण म्हणजे हे गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगाला उत्तेजन दिले आणि पंचगंगेच्या काठचे हे गाव पाहता पाहता कापडाचे गाव झाले. अशा गावात भिंग शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. कापडाच्या कोणत्याही पेढीवर जा. मेजाच्या खणात पीक मोजण्याची काच सापडते. तिच्यापासूनच सुरुवात करू.

खणातले भिंग

पीक म्हणजे काय, हे येथे मी सांगावे असे नाही. पण बाहेरगावाहून आलेल्या सदस्यांसाठी सांगतो. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसले, त्या संख्येला पीक म्हणतात. कापडाचा दर पिकावर ठरतो, आणि यंत्रमाग चालवणाऱ्याची मजुरीही पिकाशीच बांधलेली असते. ५२ पिकांचे म्हणून विणलेले कापड प्रत्यक्षात ५० भरले, तर फरक जवळजवळ चार टक्क्यांचा पडतो. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो ठरवते ही घडीची लहानशी काच. खालच्या पानाला इंचभराची चौकोनी खिडकी, वरच्या पानाला बहिर्गोल भिंग आणि मध्ये दोघांना उभे धरणारे तिसरे पान. काच कापडावर ठेवायची, वरून डोळा लावायचा आणि सुईच्या टोकाने धागे मोजत जायचे.

यात एक गंमत आहे. ती वर्गात अवश्य सांगावी. भिंग पाचपट मोठे दाखवणारे असो की आठपट, पीक तितकेच भरते. याचे कारण असे की, इंचाची खिडकी आणि कापड एकाच पातळीवर टेकलेले असतात. भिंग धागा जितका मोठा करते तितकाच इंचही मोठा करते. माप आणि मापायची वस्तू दोन्ही एकाच भिंगातून जात असल्याने हिशेबात लबाडी शिरत नाही. पट्टी भिंगाच्या वर धरून आणि धागे भिंगाखाली पाहून मोजणी केली असती, तर रोज एक भांडण झाले असते!

दुसरी गोष्ट त्या मधल्या पानाच्या उंचीची. ती सहज ठरवलेली नसते. भिंगावर पडणारे समांतर किरण ज्या बिंदूत एकवटतात त्याला नाभी म्हणतात, आणि भिंगापासून नाभीपर्यंतच्या अंतराला नाभीय अंतर. काच करणारा कारागीर मधले पान बहुधा या अंतराइतके, किंवा त्याहून किंचित कमी ठेवतो. २५ सेंटिमीटर हे सुखाने वाचण्याचे अंतर धरले आणि त्याला नाभीय अंतराने भागले, की भिंग किती पट मोठे दाखवील ते साधारणपणे निघते. पाच सेंटिमीटर नाभीय अंतराची काच म्हणूनच पाचपट म्हणतात.

आता साधे हाती धरायचे भिंग घ्या आणि कापडावर टेकवून हळूहळू वर उचला. धागे मोठे होत जातात. एका उंचीला सगळे विस्कटून धूसर होते. भिंग आणखी वर नेले आणि आपले डोके जरा लांब घेतले, की धागे पुन्हा स्पष्ट दिसतात, पण आता उलटे! जे डावीकडे होते ते उजवीकडे जाते, वरचे खाली येते. भिंग तेच, कापड तेच. केवळ अंतर बदलले. नाभीच्या आत सुलटी प्रतिमा, नाभीच्या बाहेर उलटी. दुर्बीण, सूक्ष्मदर्शी, कॅमेरा आणि चष्मा यांचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर चालतो.

कवडसे

प्रतिमा उलटी का होते? यासाठी थोडा वेळ भिंग बाजूला ठेवू आणि जुन्या कौलारू घरात जाऊ. कौलाच्या फटीतून जमिनीवर कवडसे पडतात. फट तिरकी, फाटकी, कशीही असो, कवडसा बहुधा गोल पडतो. लहानपणी आपण सर्वांनी तो मुठीत धरण्याचा प्रयत्न केला आहे. पण तो गोल का, असे किती जणांनी विचारले? तो गोल असतो, कारण ते फटीचे चित्र नसून सूर्याचे चित्र असते. २६ डिसेंबर २०१९ रोजी सूर्यग्रहण झाले, तेव्हा झाडाखाली पाहणाऱ्यांना पानांच्या फटींतून पडलेले शेकडो कवडसे चंद्रकोरीसारखे दिसले. फटी बदलल्या नव्हत्या. सूर्य झाकला गेला होता.

किरण सरळ रेषेत जातो. सूर्याच्या वरच्या कडेकडून आलेला किरण बारीक छिद्रातून जाताना खाली उतरतो, खालच्या कडेकडून आलेला वर चढतो. छिद्रापाशी किरण एकमेकांना ओलांडतात, म्हणून चित्र उलटे पडते. छिद्राचे काम निवड करण्याचे असते. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना जाणाऱ्या असंख्य किरणांपैकी एकच बारीक शलाका ते आत सोडते आणि बाकीच्यांना अडवते. त्यामुळे चित्र स्पष्ट येते, पण मंद येते. छिद्र मोठे करावे तर उजेड वाढतो आणि चित्र पुसट होते.

या अडचणीवर भिंग हा तोडगा आहे. ते किरणांना न अडवता वळवते. हवेतून काचेत आणि काचेतून पुन्हा हवेत जाताना प्रकाशाची दिशा बदलते. जुन्या पुस्तकांत याला वक्रीभवन म्हणत, आजच्या पाठ्यपुस्तकात अपवर्तन म्हणतात. विहिरीचा तळ उथळ दिसतो तो याच कारणाने. बहिर्गोल भिंग मध्ये जाड आणि कडेला पातळ असते. त्याच्या कडेवर पडलेला किरण जास्त वळतो, मध्यावर पडलेला जवळजवळ सरळ जातो. परिणाम असा की, वस्तूच्या एका बिंदूपासून निघून भिंगभर पसरलेले सगळे किरण पलीकडे पुन्हा एका बिंदूत भेटतात. बिंदूला बिंदू याप्रमाणे सारी वस्तू पलीकडे मांडली जाते. त्या मांडणीचे नाव प्रतिमा.

याचा प्रयोग कोणत्याही वर्गात, एक पैसा खर्च न करता होतो. घरातील वडीलधाऱ्यांची चाळिशी मागून आणावी. उजेडाच्या खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ती धरावी आणि मागेपुढे सरकवावी. एका अंतरावर भिंतीवर खिडकी उमटते. गज, बाहेरचे झाड, रस्त्याने जाणारी सायकल, सारे उलटे आणि चिमुकले. खिडकी पुरेशी दूर असेल तर भिंतीपासून काचेचे ते अंतर म्हणजेच साधारणपणे नाभीय अंतर. चष्म्याच्या नंबराने १०० ला भागले, की तेच सेंटिमीटरमध्ये निघते; दोन नंबरच्या काचेचे ५०, अडीच नंबरच्या काचेचे ४०. मात्र दूरचे न दिसणाऱ्या मुलाचा उणे नंबराचा चष्मा आणला तर भिंतीवर काहीही उमटणार नाही. ती काच मध्ये पातळ असते आणि किरणांना एकवटण्याऐवजी पसरवते.

प्रयोग रंगात आला की मुलांना एक प्रश्न विचारावा. काचेचा अर्धा भाग बोटाने झाकला तर भिंतीवर काय होईल? बहुतेक मुले सांगतात, अर्धी खिडकी दिसेल. मीही तेच सांगितले होते. प्रत्यक्षात खिडकी पूर्ण दिसते, फक्त मंद होते. कारण खिडकीच्या प्रत्येक बिंदूचे किरण भिंगाच्या प्रत्येक भागावर पडत असतात. अर्धे अडवले तरी उरलेले अर्धे सगळी प्रतिमा मांडतात. माझ्या मते, ज्याला हे पटले त्याला भिंग कळले. सूत्र पाठ असणे ही वेगळी गोष्ट आहे.

भिंतीवर पडणाऱ्या या प्रतिमेला वास्तव प्रतिमा म्हणतात, कारण तेथे किरण खरोखरच भेटतात. पीक-काचेत दिसणारी प्रतिमा आभासी. तेथे किरण भेटत नाहीत. भिंगातून बाहेर पडताना ते असे पसरतात की, जणू ते दूरच्या एखाद्या मोठ्या कापडापासून आले आहेत असे डोळ्याला वाटते. आभासी म्हणजे खोटी असे मात्र समजू नये. याच आभासी प्रतिमेत धागे मोजून रोज मजुरी चुकती केली जाते.

भिंगामागे भिंग

सूक्ष्मदर्शी आणि दुर्बीण ही नावे मोठी वाटतात, पण दोन्ही उपकरणांत आपली पीक-काच आहे. पुढचे वस्तुभिंग नळीच्या आत एक वास्तव प्रतिमा तयार करते, आणि मागचे नेत्रभिंग त्या प्रतिमेकडे पीक-काचेने कापडाकडे पाहावे तसे पाहते. नळीत पडदा नसतो. प्रतिमा हवेतच असते, तरी तिच्याकडे भिंगातून पाहता येते. सूक्ष्मदर्शीत वस्तुभिंगानेच वस्तू मोठी होते. ते १०० पटींचे आणि नेत्रभिंग १० पटींचे असेल, तर एकूण हजारपट. क्षयाचा जंतू सर्वसाधारणपणे दोन ते चार मायक्रोमीटर लांबीचा असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी त्याचा शोध जाहीर केला तो सूक्ष्मदर्शीच्या बळावर. आता जनुकीय चाचण्याही आल्या आहेत. तरी थुंकीचा नमुना काचपट्टीवर घेऊन भिंगाखाली जंतू शोधणारे तंत्रज्ञ आजही आपल्या आरोग्यसेवेत काम करीत आहेत.

जंतूंचे हे जग सर्वप्रथम कोणी पाहिले, ते या गावाला मुद्दाम सांगण्यासारखे आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. त्या धंद्यात धाग्याचा पोत पाहण्यासाठी भिंग वापरीत. त्याला भिंगाचा नाद लागला. मण्याएवढी एकेरी भिंगे तो स्वतः तयार करू लागला. त्यांपैकी टिकून राहिलेल्या एका भिंगाची शक्ती सुमारे २७० पट भरते. १६७० नंतरच्या काही वर्षांत त्याने पाण्याच्या थेंबात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले, आणि १६८० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. पेढीवर बसून पीक मोजणाऱ्याने विज्ञानाला दिलेली ही देणगी आहे.

दुर्बिणीचे गणित अधिकच सोपे. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रभिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. १०० सेंटिमीटरचे एक आणि अडीच सेंटिमीटरचे दुसरे भिंग घेतले की ४० पट. चंद्रावरची विवरे पाहायला तेवढे भरपूर झाले. प्रतिमा उलटी दिसते, पण चंद्राला त्याने काही बिघडत नाही. मोठ्या दुर्बिणींत मात्र पुढे भिंगाऐवजी आरसा आला. भिंग प्रत्येक रंग थोडा निराळा वळवते, म्हणून कडांना रंगाची झालर दिसते. स्वस्तातल्या पीक-काचेतही ती दिसते. शिवाय भिंग फक्त कडेनेच धरता येते, आणि फार मोठे झाले की स्वतःच्याच वजनाने वाकते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. का. दा. नायगमवाला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी केलेली २० इंची दुर्बीण आरशाचीच होती. पुढे ती कोडाईकनालला गेली. गिरवली येथे २००६ साली सुरू झालेल्या आयुकाच्या दुर्बिणीचा आरसा तर दोन मीटर व्यासाचा आहे.

कोल्हापूरचा कॅमेरा

आपल्या जिल्ह्याला भिंगाचा आणखी एक अभिमान आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे दोघे मेस्त्री बंधू पडदे रंगवीत, म्हणून ते पेंटर या नावाने ओळखले गेले. चलच्चित्रे पाहून दोघेही भारावले आणि त्यांनी चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र विकत घेतले. दाखवण्याचे यंत्र हाती आल्यावर त्यांच्या मनात घेण्याचे यंत्र स्वतः करण्याची कल्पना आली. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांसमोर आला.

एका यंत्रावरून दुसऱ्याची वाट सापडणे हा केवळ योगायोग नव्हता. भिंगापुढे ज्या मार्गाने किरण जातात, त्याच मार्गाने ते परतही येऊ शकतात. कॅमेऱ्यात दूरचे मोठे दृश्य भिंगातून येऊन नाभीजवळच्या फिल्मवर लहान आणि उलटे पडते. प्रोजेक्टरमध्ये नाभीच्या किंचित पलीकडे ठेवलेली लहान फिल्म भिंगातून जाऊन दूरच्या पडद्यावर प्रचंड आणि उलटी पडते. म्हणून फिल्मच उलटी लावतात. काम एकच, दिशा विरुद्ध. लेथ आणि कानस हाती असलेल्या कोल्हापूरच्या कारागिरांना हे उमगले. आमच्या शाळांतून प्रकाशाचा धडा शिकवताना या कॅमेऱ्याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो, याचे मला आश्चर्य वाटते.

शेवटचे भिंग

भिंगे कितीही लावली तरी शेवटचे भिंग डोळ्याचे असते. प्राचीन नैयायिकांचे मत असे होते की, डोळ्यातून तेज निघते आणि वस्तूपर्यंत जाऊन पोहोचते. ‘नजर टाकणे’, ‘नजर लागणे’ हे आपले शब्दप्रयोग त्याच समजुतीशी जुळणारे आहेत. प्रत्यक्षात प्रवास उलट दिशेचा आहे. प्रकाश बाहेरून आत येतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुमारे दोन तृतीयांश वळण देतो, उरलेले आतले भिंग देते, आणि मागच्या दृष्टिपटलावर उलटी, वास्तव प्रतिमा पडते. ती सुलटी समजण्याचे काम मेंदूचे.

कॅमेऱ्यात जवळचे आणि दूरचे स्पष्ट करण्यासाठी भिंग मागेपुढे सरकवतात. डोळ्यात तेवढी जागा नाही. तेथे भिंगच फुगते आणि सपाट होते. विशीत ते इतके लवचीक असते की, दहा सेंटिमीटरवरची वस्तूही दिसते. वयाबरोबर ते कडक होत जाते. पन्नाशीच्या सुमारास हेच अंतर अर्ध्या मीटरवर जाते. मग वर्तमानपत्र लांब धरावे लागते, आणि एके दिवशी हात अपुरे पडतात. हा रोग नव्हे; केस पिकण्यासारखीच ही गोष्ट आहे. दोन नंबरची चाळिशी २५ सेंटिमीटरवरच्या अक्षराची आभासी प्रतिमा ५० सेंटिमीटरवर नेऊन ठेवते, जेथे डोळ्याला ती दिसू शकते. म्हणजे चाळिशी ही नाकावर ठेवलेली, कमी शक्तीची पीक-काचच होय.

येथे मला माझ्या मामांविषयी सांगितले पाहिजे. ते याच गावात वहीफणीचे काम करीत. या कामाचे स्वरूप आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. नव्या बीमचा प्रत्येक उभा धागा आधी वहीच्या बारीक छिद्रातून आणि मग फणीच्या घरातून ओढून घ्यायचा. इंचास ७२ धागे आणि ५० इंच पन्हा म्हटला, तर एका बीमला ३६०० धागे. एक चुकला तर कापडात शेवटपर्यंत दोष. मामांचा हात फार चपळ होता. पंचेचाळिशीच्या आसपास तो मंदावला. धागे चुकू लागले, बोलणी बसू लागली. आता हात बसत नाही, असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनीही ते खरे मानले. काम सुटले. पुढे निम्म्या पगारावर त्यांनी रात्रीची राखण केली. काही वर्षांनी घरी सत्यनारायणाची पोथी वाचताना कोणाचा तरी चष्मा त्यांनी सहज डोळ्याला लावला. ते काही बोलले नाहीत. मामींकडून सुईदोरा मागवून घेतला आणि पहिल्याच प्रयत्नात सुई ओवली. नंतर बराच वेळ ती सुई हातात धरून बसले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो. ते दृश्य मी विसरलेलो नाही. त्यांचा हात बिघडलाच नव्हता. दोन नंबरची काच कमी पडली होती.

एकट्या मामांची ही कथा नव्हे. आसामच्या चहामळ्यात ४० वर्षांवरील ७५१ कामगारांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचे पाहण्याचे साधे चष्मे लगेच दिले, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. ज्यांना चष्मे मिळाले त्यांची पाने खुडण्याची क्षमता इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. चहाचे पान धाग्यापेक्षा कितीतरी मोठे असते, हे लक्षात घ्यावे.

मोतीबिंदूची गोष्ट निराळी. त्यात डोळ्याचे भिंगच गढूळ होते. बाहेरून कोणतीही काच लावली तरी गढूळपणा जात नाही. पूर्वी ते भिंग काढून टाकीत आणि त्याच्या जागी नाकावर दहा-बारा नंबरचा जाड चष्मा येई. आपल्या आजी-आजोबांचे मोठे दिसणारे डोळे आठवा. १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवले. वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले प्लॅस्टिकचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांनी युद्धकाळात पाहिले होते. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगे भारतात स्वस्तात तयार केली. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालचा; त्याखालील शस्त्रक्रियांची माहिती आपणांस आहे, म्हणून अधिक बोलत नाही.

मुलांविषयी मात्र बोलले पाहिजे. ज्या मुलाच्या डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते, त्याला फळा धूसर दिसतो. ते तक्रार करीत नाही, कारण सर्वांनाच फळा असा दिसतो अशी त्याची समजूत असते. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, आणि मग आपण त्याला नक्कल करणारा म्हणतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. उरलेले दिवस मूल शिक्षकांच्याच नजरेसमोर असते.

यासाठी पुन्हा कवडशाकडे वळतो. जाड पुठ्ठ्याला सुईने एक बारीक छिद्र पाडा. एक डोळा झाकून दुसऱ्या डोळ्याने या छिद्रातून फळ्याकडे पाहायला सांगा. धूसर दिसणारे अक्षर छिद्रातून स्पष्ट झाले, तर दोष बहुधा किरण नीट न एकवटण्याचा आहे आणि योग्य काचेने तो दूर होण्यासारखा आहे. कौलातली फट जे करते तेच येथे घडते. पसरणारे किरण अडवले जातात आणि भिंगाची उणीव झाकली जाते. छिद्रातूनही स्पष्ट झाले नाही, तर कारण दुसरे असू शकते; डॉक्टरांकडे जाण्यात मुळीच उशीर करू नये. नंबर मात्र दोन्ही बाबतींत तपासूनच घ्यावा. पुठ्ठा ही शंका घेण्याची युक्ती आहे, चष्मा नव्हे. प्रौढांनी हाच पुठ्ठा जवळच्या अक्षरासाठी वापरून पाहावा. पंचायतीच्या कार्यालयात अर्जावर अंगठा उठवणाऱ्या एखाद्या साक्षर म्हाताऱ्याला तो देऊन पाहिला, तर तो सही का करीत नाही याचा कदाचित उलगडा होईल.

या मेजावर एक पीक-काच, इचलकरंजीच्या ग्रे कापडाचा एक तुकडा, माझी चाळिशी आणि छिद्रे पाडलेले पंचवीस पुठ्ठे ठेवले आहेत. खिडकीसमोरची ती भिंत मोकळी आहे आणि ऊन अजून तासभर राहील. कापडाचे पीक किती ते मी मोजून ठेवले आहे. आपण मोजा आणि मग मला सांगा.